जेम्स प्रिन्सेप

दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यावर एक उंच, गुळगुळीत पाषाणस्तंभ उभा आहे. ही भीमाची गदा, असे लोक पूर्वी मानीत. अलेक्झांडरने तो उभारला असावा, असाही कोणा परदेशी प्रवाशाचा तर्क होता. दगड केव्हा घडवला हे नुसत्या दगडाकडे पाहून कळत नाही. आज दगडाशेजारी सापडलेल्या कोळशाचे वय प्रयोगशाळेत काढता येते. तेव्हा ती सोय नव्हती. स्तंभावर अक्षरे होती, पण ती वाचणारा कोणी उरला नव्हता.

हे कोडे सोडवले ते टांकसाळीतील एका अधिकाऱ्याने. जेम्स प्रिन्सेप यांचा जन्म १७९९ साली इंग्लंडात झाला. विसाव्या वर्षी ते कलकत्त्यास आले. पुढे सुमारे दहा वर्षे ते बनारसच्या टांकसाळीत सोन्यारुप्याचा कस पाहत होते. या कामात गुंजेचाही फरक चालत नाही. हीच नजर त्यांनी शिलालेखांकडे वळवली.

१८३७ साली सांचीच्या स्तूपावरील लहान लहान लेखांचे ठसे त्यांच्यापुढे आले. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे! देवळाच्या पायरीवर दात्याचे नाव कोरलेले तुम्ही पाहिले असेल. हेही तसेच असावे, हे त्यांनी ताडले. तो शब्द होता 'दानं'. काही अक्षरे इतरांनी आधी ओळखली होती. आता उरलेलीही भराभर उलगडली आणि ब्राह्मी लिपी वाचता येऊ लागली.

स्तंभांवर पियदसि राजाचे नाव निघाले. प्रिन्सेप यांनी त्यास सिंहलद्वीपाचा राजा मानले आणि ते चुकले. सिंहलद्वीपातीलच जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधारे तो अशोक असल्याचे दाखवताच त्यांनी आपले मत बदलले. एवढा प्रांजळपणा विद्वानांतही विरळाच.

पण अशोकाचा काळ कोणता? मुंबईच्या जॉन विल्सन यांच्याकरिता गिरनारच्या शिळेवरील लेखाची नक्कल उतरून घेतली होती. तीत १८३८ साली प्रिन्सेप यांस अंतियोक व तुरमाय ही ग्रीक राजांची नावे आढळली. त्या राजांचा काळ ठाऊक होता. अशोक त्यांचा समकालीन, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला! स्तंभांचे वय अखेर हाती आले.

कचेरीचे काम सांभाळून चाललेल्या या अभ्यासाने त्यांची प्रकृती पार ढासळली. १८३८ सालीच त्यांस हिंदुस्थान सोडावा लागला. १८४० साली लंडन येथे ते वारले. तेव्हा त्यांचे वय अवघे चाळीस वर्षांचे होते. कलकत्त्यास हुगळीच्या काठी त्यांच्या स्मरणार्थ बांधलेला घाट आजही उभा आहे.