शिवकर तळपदे : मानवरहित विमानाची आख्यायिका आणि पुरावा

मानवरहित विमानाच्या इतिहासात मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव वारंवार घेतले जाते. १८६४ साली पाठारे प्रभू कुटुंबात जन्मलेले तळपदे संस्कृतचे अभ्यासक होते. वैदिक वाङ्मयात विमानविद्या दडलेली आहे, अशी त्यांची धारणा होती. १८९५ साली त्यांनी ‘मरुत्सखा’ हे विमान गिरगाव चौपाटीवर उडविले, असे सांगितले जाते. ते पंधराशे फूट उंच गेले, महाराज सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे तेथे उपस्थित होते, असाही तपशील त्यात येतो. मात्र या कथेला समकालीन पुराव्याचा निर्विवाद आधार मिळालेला नाही.

याउलट, ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांचे वाफेवर चालणारे मानवरहित विमान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्याचे छायाचित्र घेतले आणि विमानही स्मिथसोनियन संस्थेत जपले गेले. बिनतारी नियंत्रण तेव्हा नव्हते. निकोला टेस्ला यांनी तशी नौका दाखविली ती १८९८ मध्ये.

तळपदे १९१६ साली निवर्तले. त्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये तपासणी केली. हा ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजेच १८९५ च्या प्रयोगाशी त्याचा मेळ कालदृष्ट्याही बसत नाही. २०१५ मध्ये तळपदे यांच्यावरील ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. चौपाटीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मुंबई-बडोद्याच्या जुन्या दप्तरांत आणि त्या वर्षीच्या वृत्तपत्रांच्या अंकांतच शोधावे लागेल.