खोप्यापाशी बसलेला माणूस



आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. या दिवसांत अनेकांना वाटते, आपल्याही अंगणात पाखरांसाठी एखादे लाकडी घर टांगावे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या या शिरपुरात जीवदया ही काही नवी शिकवण नाही. परंतु खिळा ठोकण्याआधी या माणसाचे आयुष्य एकदा डोळ्यांपुढे आणणे बरे.

सलीम अलींचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. ज्याने पुढे जन्मभर पाखरांच्या घरट्यांचा ध्यास घेतला, त्याला स्वतःचे घर असे दुसऱ्याने दिले होते.

मामांना शिकारीची आवड होती. भाच्यालाही छऱ्यांची बंदूक मिळाली. एके दिवशी त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी? मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरलेल्या पाखरांचा मोठा संग्रहही दाखवला. त्या प्रश्नाने मुलाच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले, हे आम्ही लपवत नाही. त्या काळी हे शास्त्र तसेच चाले. पण मारणाऱ्या हातांचे राखणारे हात होऊ शकतात, हेही त्यांच्याच आयुष्यात दिसते.

तरुणपणी ते ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायासाठी गेले. परतल्यावर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने ते प्राणिशास्त्र शिकले. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांनी कधी घेतली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली. तेथून रजा घेऊन ते बर्लिनला अधिक शिक्षणासाठी गेले. १९३० साली परत येऊन पाहतात तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

नोकरी नाही, म्हणून पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहू लागले. घराजवळच्या झाडांवर सुगरणीचे खोपे लोंबत होते. सलीम अली आडोशाला बसून तासन्‌तास ते पाहत राहिले. आपण सुगरण म्हणतो आणि विणकामाचे सारे श्रेय मादीला देतो. प्रत्यक्षात खोपा नर विणतो. अर्धा झाला की मादी येऊन आत-बाहेर तपासते. तिला पसंत पडला, तरच तो पुढे पूर्ण होतो. न पसंत पडलेले अर्धे खोपे तसेच लोंबत राहतात. हे निरीक्षण १९३१ साली प्रसिद्ध झाले.

बेकारीच्या त्या दिवसांत त्यांनी पाखरांसाठी काहीही बांधले नव्हते. ते फक्त पाहत होते. पण त्या पाहण्यातूनच पुढचे सारे घडले. १९३९ साली तहमिना गेल्या. त्या दुःखातून सावरत १९४१ साली त्यांनी भारतीय पक्ष्यांवरचे ते प्रसिद्ध पुस्तक दिले. ज्या भरतपूरच्या पाणथळीत राजेरजवाडे बदकांची शिकार करत, ती पाखरांसाठी राखली जावी म्हणून ते झटले. १९७६ साली मिळालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची बहुतेक रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाला दिली. २० जून १९८७ रोजी ते गेले. आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी एका चिमणीचे पडणेच ठेवले होते.

आता आमची गोष्ट. आम्हीही आवारात हौसेने एक घर टांगले होते. पत्र्याचे छप्पर, तोंड पश्चिमेला. दोन उन्हाळे गेले, कोणी फिरकले नाही. कसे फिरकणार? वाशिमच्या मे महिन्यात दुपारनंतर ती भट्टीच होती. आम्ही घर बांधले, पण राहणाऱ्याला विचारले नव्हते. आमच्या दयेत आम्हीच अधिक होतो.

चिमणीला सावलीतली, मांजर पोहोचणार नाही अशी जागा लागते. दार सुमारे सव्वातीन सेंटिमीटरचे पुरते. सुगरणीला पेटी देऊन उपयोग नाही, तिला विहिरीकाठची किंवा नाल्याकाठची बाभूळ आणि लांब पात्याचे गवत हवे. दोघींच्याही पिलांना किडे हवेत, आणि ते औषध फवारून चकचकीत ठेवलेल्या बागेत मिळत नाहीत. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी मठाच्या बागेचा एक भाग रानफुलांसाठी मोकळा सोडायला सांगितला होता, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. आठशे वर्षांपूर्वीची ही सूचना आजही जुनी झालेली नाही.

आता आम्ही ते घर पूर्वेकडच्या भिंतीवर, सावलीत हलवले आहे. कुंपणाजवळचा कोपराही साफ न करता तसाच सोडला आहे. तुम्हीही अंगणाचा हातभर तुकडा असा सोडा, शेजारी पाण्याचे मातीचे भांडे ठेवा, आणि मग पंधरा दिवस नुसते पाहा. कोण येते ते कळले, की काय बांधायचे तेही कळेल. माणसांच्या बाबतीतही हाच क्रम पाळला तर आपल्या घरांचे पुष्कळ भले होईल.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.