लायकाच्या आधी उडालेली जोडी

रशियाची लायका कुत्री आपल्याला जीकेच्या पुस्तकामुळे पाठ असते. पण तिच्या 22 वर्षं आधी आपल्या देशात एक कोंबडा आणि एक कोंबडी रॉकेटमधून नदीपार गेली होती, हे माहितीये? त्यांना पाठवणारे होते स्टीफन स्मिथ. टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या जगात हे नाव खूप मोठं आहे.

स्मिथ यांचा जन्म 1891 चा, शिलाँगचा. शाळा आसनसोलला. रॉकेटचं वेड तेव्हापासूनच. शाळेत असताना त्यांनी म्हणे मेलेली पाल रॉकेटमध्ये घालून उडवली होती! पुढे कोलकात्यात कस्टम्स, मग पोलीस आणि शेवटी दातांचे डॉक्टर. इंजिनिअरिंगची डिग्री नाही, मोठी लॅब नाही. रॉकेटं फटाक्यांच्या कंपनीकडून करून घ्यायची.

30 सप्टेंबर 1934 ला त्यांनी जहाजावरून सागर बेटाकडे टपालाचं पहिलं रॉकेट सोडलं. ते हवेतच फुटलं. पत्रं विखुरली, पण बहुतेक सापडली. स्मिथ थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी सिक्कीमच्या राजानं पाठबळ दिलं आणि नदीपलीकडे चहा, साखर अशी पार्सलं जाऊ लागली.

31 मे 1935 ला क्वेट्टात भयानक भूकंप झाला. रस्ते तुटल्यावर अडकलेल्या लोकांना धान्य, औषधं कशी द्यायची, हा प्रश्न आता खरा होता. तापीला पूर आला की पलीकडचं गाव किती लांब वाटतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण रॉकेटमधून जिवंत प्राणी सुखरूप उतरेल का? 29 जून 1935 ला स्मिथ यांनी ते करून पाहिलं. दीपनगरसारखंच कोळशाशी नातं असलेल्या दामोदर नदीच्या पट्ट्यात ॲडम आणि ईव्ह ही जोडी पत्रांसोबत रॉकेटमध्ये बसली. दोघंही पलीकडे जिवंत उतरली! पुढे त्यांना कोलकात्यातल्या एका खासगी प्राणिसंग्रहालयात जागा मिळाली. लायकाच्या नशिबी परत येणं नव्हतं. या जोडीच्या होतं. अर्थात, बसायचं का, हे कोंबड्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दहा वर्षांत स्मिथ यांनी सुमारे 270 रॉकेटं उडवली. 1951 मध्ये ते गेले. 1992 मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. आज ड्रोननं औषधं पोहोचल्याची बातमी वाचली की या दातांच्या डॉक्टरची आठवण नक्की काढा.