सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन आपलीच? उत्तरासाठी भेटा रॉबर्ट टॉरेन्सना

सातबाऱ्यावर नाव, हातात खरेदीखत, तरी जमिनीचा वाद कोर्टात! असं का होतं, ते रॉबर्ट टॉरेन्स यांच्या गोष्टीतून नीट कळतं.

टॉरेन्स मूळचे आयर्लंडमधल्या कॉर्कचे. १८४० मध्ये ते दक्षिण ऑस्ट्रेलियात आले आणि ॲडलेडला कस्टम्स कलेक्टर झाले. तिथे जमिनीला इंग्लंडचा कायदा लागू होता. विकायची तर आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी दाखवायची. मधला एक कागद गहाळ झाला किंवा बनावट निघाला की व्यवहार अडकला. शिवाय प्रत्येक विक्रीला वकिलाची फी भरून तीच तपासणी पुन्हा.

जहाजांचं मात्र सोपं होतं. मालकीची नोंद थेट सरकारी रजिस्टरमध्येच व्हायची. मग जमिनीचं असं का नको, असा टॉरेन्स यांचा प्रश्न होता.

१८५७ मध्ये ते निवडून आले, सप्टेंबरात प्रीमियरही झाले. सरकार महिनाभरातच पडलं, पण त्यांनी विधेयक सोडलं नाही. वकिलांनी जोरदार विरोध केला. मूळचे हॅम्बुर्गचे उलरिख ह्युबे यांची मात्र मोठी मदत झाली. १ जुलै १८५८ रोजी कायदा लागू झाला. तो राबवण्यासाठी टॉरेन्स स्वतः रजिस्ट्रार जनरल झाले.

या पद्धतीत सरकार एकदाच जुने कागद तपासतं. मग रजिस्टरमधली नोंद हीच मालकी. गहाण, बोजा तिथेच दिसतो. चुकीच्या नोंदीमुळे कुणाची जमीन गेली, तर भरपाईसाठी वेगळा फंड.

१८८४ मध्ये टॉरेन्स वारले. तोवर ही पद्धत ऑस्ट्रेलियाभर आणि न्यूझीलंडमध्ये पोचली होती.

आणि आपल्याकडे? इथे दस्ताची नोंदणी होते, मालकीची नाही. विकणारा खरा मालक होता का, याची हमी सरकार देत नाही. सातबारा ही महसुली नोंद आहे. ती खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा आला तर टिकत नाही. फेरफार झाल्यानं मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टानं वारंवार सांगितलंय.

म्हणून जमीन घेताना फक्त ताजा सातबारा बघून इसार देऊ नका. जुने सातबारे, फेरफार, आधीची खरेदीखतं, इतर हक्कांचा रकाना आणि मोजणीचा नकाशा, सगळं वकिलाकडून तपासून घ्या. टॉरेन्स यांनी जी साखळी बंद केली, ती आपल्याला अजून स्वतःच तपासावी लागते.