पंडिता रमाबाई: १८८९ मध्ये मराठी वाचकांना अमेरिका समजावून सांगणारी विदुषी

आज हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीतला एखादा विद्यार्थी अमेरिकेत शिकायला जायचं ठरवतो, तेव्हा त्या देशाची निम्मी ओळख त्याला मोबाइलवरच झालेली असते. विद्यापीठाची फी किती, थंडी कशी असते, भारतीय किराणा कुठे मिळतो, हे सगळं त्याला निघण्याआधीच माहीत असतं.

१८८० च्या दशकात मात्र अमेरिका म्हणजे पाताळ. पृथ्वीच्या गोळ्यावर आपल्या पायाखाली, अगदी उलट्या बाजूला असलेला मुलूख. तिथे जाणं सोडाच, नुसता समुद्र ओलांडला तरी धर्म बुडाला असं मानणारे लोक घरोघरी होते.

अशा काळात एक तरुण विधवा लहान मुलीला घेऊन आधी इंग्लंडला आणि तिथून अमेरिकेला गेली. जवळपास तीन वर्षं ती अमेरिकेत राहिली आणि परत आल्यावर तिने त्या देशावर मराठीत एक सविस्तर पुस्तक लिहिलं. तिचं नाव पंडिता रमाबाई.

पायी फिरलेलं बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित होते. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला होता. रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आई लक्ष्मीबाईंनी.

हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण असे तिघंही गेले. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास. दोघं पायी भारतभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, म्हणून लग्न नोंदणी पद्धतीचं. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली. १८८२ मध्ये कॉलऱ्याने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत जवळची जवळपास सगळी माणसं त्यांनी गमावली होती.

इंग्लंडने काय शिकवलं?

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक लिहिलं. शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, अशी त्यांची मागणी होती.

स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीय शिक्षण जमलं नाही. वाँटेज इथल्या मठात राहत असताना सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात या बातमीने खळबळ उडाली. त्यांना पाठिंबा देणारे सुधारकही दुखावले.

पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. पण त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा चर्चच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. भारतात पंडितांच्या सभेत भाषण केलेल्या बाईला हे पटणं शक्यच नव्हतं. धर्म बदलला म्हणून डोकं गहाण टाकलेलं नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत कायम राहिली.

अमेरिकेचं बोलावणं

१८८६ च्या सुरुवातीला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांचं निमंत्रण आलं. निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं. आनंदीबाई रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. फेब्रुवारीत रमाबाईंनी लिव्हरपूलहून बोट पकडली आणि ११ मार्च १८८६ ला त्या पदवीदान समारंभाला हजर होत्या.

थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तिथे १८८८ च्या अखेरपर्यंत राहिल्या. छोट्या मुलांना खेळातून शिकवण्याची किंडरगार्टन पद्धत त्यांनी शिकून घेतली. शहरोशहरी व्याख्यानं दिली. १८८७ मध्ये इंग्रजीतून 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहून त्यांनी उच्चवर्णीय विधवांची अवस्था अमेरिकेपुढे मांडली. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. भारतात विधवांसाठी शाळा काढायची आणि तिचा खर्च दहा वर्षं अमेरिकेतल्या लोकांनी उचलायचा, असं ठरलं.

दुःखाची बातमीही याच काळात आली. डॉक्टर होऊन मायदेशी परतलेल्या आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या.

पुस्तकात काय होतं?

परत आल्यावर १८८९ मध्ये रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झालं. नावात 'प्रवासवृत्त' शेवटी येतं, हे लक्षात घ्यायला हवं. समुद्रप्रवासाची हकिकत त्यात आहे, पण पुस्तकाचा मोठा भाग देश कसा चालतो हे सांगण्यासाठी आहे. राज्यकारभार, घरसंसार, शाळा-कॉलेजं, धर्मपंथ आणि दानधर्म, व्यापार-उद्योग आणि स्त्रियांची स्थिती अशा विषयांवर त्यात प्रकरणं आहेत.

राजा नसलेला देश ही कल्पना त्या वेळच्या मराठी वाचकाला नवी होती. भारताचा मोठा भाग राणीच्या राज्यात आणि उरलेला संस्थानिकांच्या. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. अशा वाचकांना रमाबाई सांगत होत्या की, एके काळी इंग्रजांच्याच ताब्यात असलेला एक देश लढून स्वतंत्र झाला आणि आता तिथले लोक आपला अध्यक्ष स्वतः निवडतात. काँग्रेसची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.

दुसरा मोठा विषय स्त्रियांचा. दारूबंदीसाठी हजारो बायकांनी उभारलेली संघटना, बायकांनी चालवलेल्या संस्था, मुलींची कॉलेजं, हे सगळं रमाबाईंनी जवळून पाहिलं होतं. १८८८ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेतही त्या सहभागी होत्या. एकट्यादुकट्या बाईचं कोणी ऐकत नाही, संघटना केली की ऐकावं लागतं, हा धडा त्यांनी तिथे घेतला.

कौतुक केलं, पण डोळे उघडे ठेवून

रमाबाईंना अमेरिका आवडली होती, हे पुस्तक वाचताना लपत नाही. तरीही त्यांनी तिथल्या खोटी झाकल्या नाहीत. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली, पण काळ्या लोकांबद्दलचा तिटकारा संपलेला नाही, हे त्यांनी लिहिलं. मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाबद्दलही लिहिलं. टोपीवर पिसं खोचण्यासाठी पक्षी मारायला लावणाऱ्या फॅशनवर त्यांनी सडकून टीका केली. सगळ्या गोष्टींत पुढे असलेल्या त्या देशात बहुतेक बायकांना मतदानाचा हक्क नाही, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

अमेरिकेवर भारतीयांनी लिहिलेलं आणि भारतीयांबद्दल अमेरिकनांनी लिहिलेलं, यात त्या काळी दुसरा प्रकारच जास्त होता. मिशनरी आणि प्रवासी इथे येऊन आपल्याबद्दल लिहायचे. रमाबाईंनी तीच नजर उलटी फिरवली.

पाताळातून काय आणलं?

११ मार्च १८८९ ला, आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवा मुलींसाठीची ही निवासी शाळा पुढच्याच वर्षी पुण्याला हलवली. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक होती गोदूबाई. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई त्या याच.

पण त्याच वर्षी शाळेवर वादळ आलं. शारदा सदनात धर्माचा प्रचार होणार नाही असं ठरलं होतं. रमाबाई मात्र स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि काही मुली तिथे जाऊन बसत. मुलींना ख्रिस्ती केलं जातंय, असा आरोप झाला. 'केसरी'ने रान उठवलं. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादाला दोन बाजू होत्या. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या घरांची भीती खोटी नव्हती आणि स्वतःच्या घरात लपूनछपून प्रार्थना करायला नकार देणाऱ्या रमाबाईंचा हट्टही समजण्यासारखा होता. नुकसान झालं ते शाळा सोडावी लागलेल्या मुलींचं. त्यातल्या विधवांना दुसरी शाळा सहज मिळणार नव्हती.

रमाबाई पुढे दौंडजवळच्या केडगावला गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांसाठी त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या.

त्यांच्या मृत्यूच्या दोन वर्षं आधी, १९२० मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन तिथल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला होता.

धर्मांतराच्या वादात रमाबाईंची अनेक कामं झाकली गेली, तसं हे पुस्तकही बाजूला पडलं. त्याची इंग्रजी भाषांतरं यायला २००३ साल उजाडावं लागलं. परदेशाबद्दल लिहिताना भारावून जाणं सोपं असतं आणि नावं ठेवणंही सोपं असतं. एकतीस वर्षांच्या रमाबाईंनी या दोन्ही सोप्या वाटा टाळून, तिथलं काय घ्यावं आणि काय सोडावं हे मराठी वाचकापुढे मांडलं, तेही ज्या समाजाने त्यांना दूर लोटलं होतं त्याच समाजाच्या भाषेत.