रमण महर्षी

तामिळनाडूतील तिरुच्चुळी नावाच्या लहानशा गावी ३० डिसेंबर १८७९ रोजी रमण महर्षींचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव व्यंकटरमण. वडील सुंदरम् अय्यर हे गावात वकिली करीत. व्यंकटरमणाला पुस्तकांपेक्षा फुटबॉल, कुस्ती आणि पोहणे यांचीच गोडी अधिक. अंगाने तो धट्टाकट्टा होता आणि त्याची झोप तर कुंभकर्णाची. जागेपणी त्याच्या वाटेस जाण्याची छाती नसलेले सवंगडी रात्री त्याला झोपेतच उचलून नेत, मनसोक्त चोप देत आणि पुन्हा अंथरुणावर आणून ठेवीत. सकाळी कोणी सांगेपर्यंत त्याला याचा पत्ताही नसे.

१८९२ साली वडील वारले. मातेच्या आणि भावंडांच्या डोक्यावरील छत्र हरपले. व्यंकटरमण थोरल्या भावासह मदुराईस काकांच्या घरी राहून शाळेत जाऊ लागला.

१८९६ सालच्या जुलै महिन्यात एके दिवशी तो माडीवरील खोलीत एकटाच बसला होता. कोणताही आजार नसताना, आपण आता मरणार, या भीतीने त्याला एकाएकी घेरले. दुसरा एखादा मुलगा घाबरून वडीलधाऱ्यांकडे धावला असता. व्यंकटरमणाने तसे केले नाही. मरण म्हणजे काय, हे पाहण्यासाठी तो हातपाय ताठ करून प्रेतवत पडून राहिला. त्याने श्वास रोखला, ओठ घट्ट मिटले. हा देह आता स्मशानात नेतील आणि जाळतील. पण त्याबरोबर मीही नाहीसा होईन काय, असा प्रश्न त्याने स्वतःला केला. देह निश्चल पडला असतानाही हे सारे जाणणारा आपल्या ठायी जागाच आहे, असे त्याला त्या क्षणी स्वच्छ जाणवले. त्याचे मृत्यूचे भय गेले, ते पुन्हा कधीही परतले नाही.

त्यानंतर अभ्यासात त्याचे चित्त लागेना. २९ ऑगस्ट १८९६ रोजी या उदासीनतेबद्दल भावाने त्याला बोल लावले, तेव्हा त्याने घर सोडण्याचा निश्चय केला. भावाच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठी मिळालेल्या ५ रुपयांपैकी ३ रुपये त्याने प्रवासाकरिता घेतले आणि उरलेले २ रुपये एका चिठ्ठीसह मागे ठेवले. आपला शोध करण्यात कोणी पैसे खर्चू नयेत, असे त्याने लिहिले होते; भावाचे शुल्क भरावयाचे राहिले आहे, हेही कळविण्यास तो विसरला नव्हता. या चिठ्ठीच्या आरंभी त्याने स्वतःला ‘मी’ असे म्हटले होते. पुढच्याच वाक्यात ‘मी’च्या जागी ‘हे’ आले आणि अखेरीस सहीच्या जागी केवळ एक रेघ उरली होती!

१ सप्टेंबर रोजी तो अरुणाचल पर्वताच्या पायथ्याशी तिरुवण्णामलै येथे पोहोचला. जवळचे पैसे त्याने तळ्यात टाकून दिले आणि तो मंदिरात ध्यानस्थ बसला. टवाळ पोरे दगड मारीत, म्हणून तो तळघरात जाऊन बसला. तेथे किड्यांनी मांड्या पोखरल्या तरी त्याला भान नव्हते. अखेर लोकांनीच त्याला उचलून बाहेर आणले.

१८९८ साली माता अळगम्माळ त्याला शोधीत आली. तिने अश्रू ढाळून परोपरीने विनविले. परंतु जे व्हावयाचे ते टळत नाही, असे कागदावर लिहून देण्यापलीकडे त्याने काही केले नाही. ती माउली रिकाम्या हाताने परतली. पुढे १९१६ मध्ये ती मुलाजवळच येऊन राहिली. १९२२ साली तिच्या अंतकाळी महर्षी दिवसभर तिच्या उशाशी बसून होते. तिच्या मस्तकावर आणि हृदयावर त्यांनी आपले हात ठेवले होते.

१९०७ साली गणपती मुनी या विद्वानांनी त्यांना रमण महर्षी हे नाव दिले. त्यांच्याकडे दूरदूरचे जिज्ञासू येत. महर्षींची शिकवण साधी होती. राग आला की तो कोणाला आला, हे पाहावे. मला आला, असे उत्तर मिळाले की हा मी कोण, याचा शोध घ्यावा. नाव, रूप आणि विद्या या गोष्टी बदलत असतात. त्या सर्वांना जाणणारा कोण, हे ज्याचे त्यानेच शोधून काढावयाचे असते.

हे ज्ञान त्यांच्या आचरणात उतरले होते. पहाटे उठून ते आश्रमाच्या स्वयंपाकघरात भाजी चिरीत. सर्वांना जे वाढले जाई तेच ते खात. १९२४ साली आश्रमात चोर शिरले. त्यांनी महर्षींच्या मांडीवर काठीचा तडाखा मारला, तरी महर्षींनी शिष्यांना चोरांवर हात उगारू दिला नाही.

अखेरच्या काळात त्यांच्या डाव्या हातास कर्करोगाची गाठ झाली. चार शस्त्रक्रिया होऊनही ती बरी झाली नाही. शिष्य व्याकूळ होत. महर्षी मात्र शांत असत. १४ एप्रिल १९५० रोजी त्यांनी देह ठेवला. मदुराईच्या माडीवर सोळाव्या वर्षी ज्या मृत्यूला त्यांनी धीटपणे निरखून पाहिले होते, त्याला सत्तराव्या वर्षी ते तितक्याच निर्भयपणे सामोरे गेले.