हिमगौरीच्या सख्ख्या आईला सावत्र करणारा माणूस : विल्हेल्म ग्रिम

हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट लहानपणी बहुतेकांनी ऐकलेली असते. गोरीपान राजकन्या, बोलणारा आरसा, विषारी सफरचंद आणि जळफळणारी सावत्र आई.

पण १८१२ साली ग्रिम बंधूंनी ही गोष्ट पहिल्यांदा छापली तेव्हा तिच्यात सावत्र आई नव्हतीच. पोरीला जंगलात नेऊन मार आणि तिची फुफ्फुसं, यकृत घेऊन ये, असं शिकाऱ्याला सांगणारी बाई तिची सख्खी आई होती.

सात वर्षांनी दुसरी आवृत्ती आली आणि सख्खी आई सावत्र झाली. हा बदल केला धाकट्या भावाने, विल्हेल्म ग्रिमने.

आजकाल कॉलेजातल्या पोरापोरींच्या हातात जुन्या परीकथांची नवी, काळीकुट्ट रूपं दिसतात. मरिसा मेयरची ‘सिंडर’, मेलिसा अल्बर्टची ‘द हेझल वूड’ ही त्यातली गाजलेली नावं. मोठ्यांना वाटतं, गोड गोष्टींची वाट लावली. पण त्या गोष्टी मुळात गोड होत्या का? हे समजून घ्यायचं तर विल्हेल्मचं आयुष्य बघावं लागतं.

विल्हेल्मचा जन्म २४ फेब्रुवारी १७८६ चा, जर्मनीतल्या हानाऊ गावचा. थोरला भाऊ याकोब त्याच्याहून जेमतेम वर्षाने मोठा. वडील सरकारी न्यायाधिकारी. पुढे त्यांची नेमणूक श्टायनाऊला झाली. मोठं घर, नोकरचाकर, सगळं सुखात चाललेलं.

१७९६ च्या जानेवारीत न्यूमोनियाने वडील गेले. सरकारी घर सुटलं, पगार थांबला. विधवा आई आणि सहा लेकरं. विल्हेल्म तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता.

कासेलच्या दरबारात नोकरीला असलेल्या मावशीने दोघा थोरल्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. दोघं मारबुर्गला कायदा शिकले. तिथे प्राध्यापक साविनी यांच्यामुळे त्यांना जुन्या साहित्याची गोडी लागली. पण १८०८ मध्ये आईही गेली. त्यात विल्हेल्मला दम्याचा आणि हृदयाचा त्रास. नेपोलियनच्या भावाचं राज्य आलेलं, महागाई वाढलेली. घरात दिवसातून एकदाच जेवण व्हायचं.

अशा दिवसांत ही भावंडं गोष्टी गोळा करत होती.

ग्रिम बंधू खेडोपाडी भटकून शेतकऱ्यांकडून गोष्टी लिहून घ्यायचे, असा एक समज आहे. खरं तर बरेचदा गोष्टी सांगणारेच त्यांच्याकडे यायचे. त्यात शिकलेल्या घरांतल्या तरुण मुली जास्त. शेजारच्या औषधवाल्या विल्ड कुटुंबातल्या मुली, हासेनफ्लुग बहिणी. पुढे डोरोथेया फीमान ही शिंप्याची बायकोही आली. तिचं लहानपण वडिलांच्या खानावळीत, वाटसरूंच्या गप्पा ऐकण्यात गेलेलं.

विल्ड घरातल्या डोर्टशेनने अनेक गोष्टी सांगितल्या. १८२५ मध्ये विल्हेल्मने तिच्याशीच लग्न केलं. याकोब अविवाहित राहिला आणि आयुष्यभर या दोघांसोबत एकाच घरात राहिला.

१८१२ च्या डिसेंबरात पहिला खंड आला. त्यात ८६ गोष्टी होत्या आणि ९०० प्रती छापल्या होत्या. नावात मुलांचा उल्लेख असला तरी पुस्तक होतं अभ्यासकांच्या वळणाचं. मागे टिपा, आत एकही चित्र नाही.

लगेच तक्रारी सुरू झाल्या. एका गोष्टीत मुलं खाटकाचा खेळ खेळतात आणि त्यात एका मुलाचा खरंच जीव जातो. ग्रिम बंधूंचा मित्र आखिम फॉन आर्निम यानेही त्या गोष्टीवर आक्षेप घेतला. दुसऱ्या आवृत्तीत ती गोष्ट गायब झाली.

मनोऱ्यातली रापुन्झेल पहिल्या आवृत्तीत तिला कोंडणाऱ्या परीला भोळेपणाने विचारते की, माझे कपडे असे घट्ट का होतायत? राजपुत्र रोज वर येत होता, त्याचा हा परिणाम. विल्हेल्मने हा प्रश्नच काढून टाकला. नव्या रूपात ती म्हातारीला राजपुत्रापेक्षा जड म्हणते आणि पकडली जाते. गंमत म्हणजे शेवटी तिला जुळी मुलं होतात, ती मात्र तशीच राहिली!

हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून द्यायचा हट्ट पहिल्या आवृत्तीत त्यांची सख्खी आई धरते, कारण घरात भाकरीचा तुकडा नसतो. १८४० च्या आवृत्तीत तीही सावत्र झाली.

म्हणजे विल्हेल्मने गोष्टी सौम्य केल्या का? तसंही नाही. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरं फोडतात, तो प्रसंग १८१९ मध्ये वाढवलेला आहे. हिमगौरीच्या छळणाऱ्या राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचावं लागतं, ते शेवटच्या आवृत्तीपर्यंत कायम राहिलं. दुष्टाला झालेली शिक्षा कितीही भयानक असली तरी चालत होती. चालत नव्हतं ते एवढंच, की धोका आपल्याच घरातून, आपल्याच आईकडून येऊ शकतो.

१८२३ मध्ये लंडनला सचित्र इंग्रजी भाषांतर निघालं आणि खपलं. ते बघून विल्हेल्मने १८२५ मध्ये निवडक ५० गोष्टींची छोटी आवृत्ती काढली. चित्रं काढली धाकट्या भावाने, लुडविग एमिलने. घरोघरी पोचली ती ही आवृत्ती. पुढच्याच वर्षी विल्हेल्मचं पहिलं मूल तान्हेपणीच गेलं.

या माणसाचं मऊपण कागदापुरतं होतं. १८३७ मध्ये हानोव्हरच्या राजाने राज्यघटना मोडीत काढली, तेव्हा ग्योटिंगेन विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. त्यात दोघे भाऊ होते. सातही जणांच्या नोकऱ्या गेल्या, याकोबला तर तीन दिवसांत राज्य सोडावं लागलं. नंतर दोघांनी जर्मन भाषेचा प्रचंड शब्दकोश हाती घेतला. विल्हेल्मकडे ‘डी’ हे अक्षर होतं. तेवढं संपवून १६ डिसेंबर १८५९ ला तो बर्लिनमध्ये गेला. तो कोश पूर्ण व्हायला १९६१ साल उजाडलं.

मरणाच्या दोन वर्षं आधी, १८५७ मध्ये, गोष्टींची सातवी आवृत्ती निघाली होती. तिच्यात दोनशेहून जास्त गोष्टी होत्या. जगभर भाषांतरं झाली ती मुख्यतः याच आवृत्तीची. १९३७ मध्ये डिस्नेने हिमगौरीवर सिनेमा काढला आणि तापलेले लोखंडी जोडेही गेले.

आता पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाचा विचार करा. घर नेहमीच सुरक्षित नसतं, मोठी माणसं चुकतात, आपलं शरीर बदलतंय आणि त्यावर कुणी बोलत नाही, हे त्याला कळायला लागलेलं असतं. विल्हेल्मने नेमक्या याच जागा झाकल्या होत्या. नव्या कादंबऱ्या त्या पुन्हा उघडतात, म्हणून त्या वाचकाला आपल्या वाटतात.

ग्रिम बंधूंच्या स्वतःच्या वापरातल्या प्रती कासेलमध्ये जपलेल्या आहेत. २००५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान दिलं. त्या प्रतींवर दोघा भावांच्या हस्ताक्षरातल्या नोंदी आणि दुरुस्त्या आजही दिसतात.